सोसायटीतला शेवगा: तोडायचा की छाटायचा?

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या बाजूची एक जुनी सोसायटी. तळमजला अधिक तीन मजले, दोन विंग, लिफ्ट नाही. कंपाउंडच्या नैऋत्य कोपऱ्यात, भिंतीपासून जेमतेम पाच फुटांवर एक शेवगा. सोसायट्यांच्या बागा बघणं हे माझं काम. जानेवारी 2024 मध्ये सेक्रेटरींनी फोन केला तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता: "झाड तोडायची परवानगी कशी काढायची तेवढं सांगा, बाकी आम्ही बघतो." झाड बघितल्याशिवाय मी काहीच सांगत नाही, म्हणून गेलो. पुढे वर्ष-दीड वर्ष त्या झाडाकडे येणं-जाणं झालं. मुंबईत शेवगा असलेल्या बहुतेक सोसायट्यांत थोड्याफार फरकाने हेच प्रकरण चालू असतं, म्हणून ते तपशिलाने मांडतो आहे.

झाड आलं कुठून

तळमजल्यावरच्या आजी मालवणकडच्या. 2012 च्या मे महिन्यात गावाहून येताना त्यांनी मनगटाएवढ्या जाडीची, चारेक फुटांची फांदी गोणपाटात गुंडाळून आणली आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर कोपऱ्यात पुरली. शेवग्याची जून फांदी अशीच लागते. कोकणात कुंपणाला खुंट म्हणून ठोकलेली फांदीसुद्धा पालवते. दोन-तीन वर्षांत शेंगा लागल्या, घरोघरी वाटल्या गेल्या, गोकुळाष्टमीला पाल्याची भाजी होऊ लागली. तोवर सगळे खूश होते.

मग झाड वाढत गेलं आणि त्याला कुणी हात लावला नाही. म्हणजे लावला, पण उलटा. खालच्या फांद्या पार्किंगच्या आड येतात म्हणून वॉचमन त्या दरवर्षी कोयत्याने उडवायचा. शेंडा तसाच वर. दहा वर्षांत झाड तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत पोचलं होतं. खाली उघडा बुंधा, वर सगळा भार. शेंगा तिसऱ्या मजल्याला आणि सुरवंट तळमजल्याला, अशी वाटणी होऊन बसली होती.

त्यात 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं. शहरभर शेकडो झाडं पडली, या शेवग्याची एक मोठी फांदी भिंतीच्या बाजूने सालीसकट फाटून खाली आली. फांदी उचलून नेली, पण बुंध्यावर राहिलेला फाटका भाग कुणी साफ केला नाही. तिथे पुढचे दोन-तीन पावसाळे पाणी मुरत राहिलं.

2022 मध्ये सोसायटीने कंपाउंडचं सुशोभीकरण केलं. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले, बाजूच्या पट्टीत लॉन लावलं, त्याला सकाळ-संध्याकाळ तुषार सिंचन. ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यातलं खत निघेल तसं शेवग्याच्या मुळाशी ओतायचं, असा कमिटीचा ठरावच झाला. हेतू चांगला होता. झाडही तरारलं, पानं काळीभोर झाली. पण फुलं यायची आणि चहूकडे पांढरा सडा पडून जायचा. शेंगा धरेनात.

शेवटचं निमित्त जून 2023 मधलं. पावसाच्या पहिल्या सपाट्यात एक फांदी तुटून उभ्या स्कूटरवर पडली. माणूस कुणी नव्हतं म्हणून निभावलं. जुलैत बुंध्यावर सुरवंटांचे थर बसले, एका मुलाच्या मानेवर आणि हातावर पुरळ उठलं, आणि सर्वसाधारण सभेत झाड तोडायचा विषय आला. चेअरमननी तिथे ती जुनी लोकगोष्ट सांगितली म्हणे: घरचे सगळे शेवग्याच्या शेंगा विकून कसेबसे जगत असतात, पाहुणा रात्रीतून झाडच तोडतो, मग नाइलाजाने कामाला लागतात आणि भलं होतं. या सोसायटीत शेंगांवर कुणी जगत नव्हतं, त्यामुळे गोष्ट कितपत लागू पडली देव जाणे. आजींनी मात्र एका वाक्यात सभा संपवली: "मी झाड तोडूक देवचंय नाय."

तपासणीत काय दिसलं

पहिल्यांदा गेलो तेव्हा झाड फुलावर होतं. सकाळी लवकर गेलो ते मुद्दाम. शेवग्याची फुलं पहाटे उमलतात आणि त्यावर येणारे मोठे काळे भुंगे सकाळच्या पहिल्या उन्हात कामाला असतात. फूलगळ म्हटलं की अनेक जण आधी परागीभवनावर संशय घेतात. इथे भुंगे होते, शिंजीर होते, मधमाश्याही होत्या. तो मुद्दा निकालात निघाला.

मग मुळांकडे वळलो. दोन पेव्हर उचलून हातभर खड्डा घेतला. वरचे चार-पाच इंच काळं, अर्धवट कुजलेलं खत, त्यातून आंबूस वास. त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे डिखळे, टाइल्सचे कपरे: इमारत बांधताना टाकलेलं रॅबिट. त्याच्याखाली खाडीकडची राखाडी चिकण माती, जानेवारीतही ओलीचिंब. या चिकण मातीतून पाणी खाली जात नाही, वरून लॉनचं पाणी रोज दोनदा येतं, आणि पेव्हरमुळे वाफ होऊन जायलाही वाट नाही. शेवगा उन्हाळा सोसतो, खडकाळ जमीन सोसतो, महिनोन्‌महिने पाणी नसलं तरी तग धरतो. साचलेलं पाणी मात्र त्याला चालत नाही, मुळं कुजतात. खड्ड्यात सापडलेल्या बारीक मुळांपैकी निम्मी तपकिरी, बोटांनी दाबली की साल सुटून येणारी होती. बुंध्याच्या तळाशी लालसर डिंकाचे ओघळ होते, ते वेगळं सांगत नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी झाडाकडे बघून कळत नाही, जन्मकथा विचारली तरच कळते. बियांपासून वाढलेल्या शेवग्याला जाड सोटमूळ असतं, मुळ्यासारखं सरळ खाली जाणारं. फांदीपासून लावलेल्या झाडाला ते नसतं. त्याची मुळं उथळ, आडवी पसरलेली. वर तीन मजल्यांची उंची, खाली उथळ मुळं, जमीन भिजून लोण्यासारखी झालेली, आणि लाकूड मुळातच इतकं मऊ की नखाने ओरखडा निघावा. स्कूटरवर फांदी पडली ते कमीच झालं.

तौक्तेची जखम बघायला शिडी लावावी लागली. लांब स्क्रू-ड्रायव्हर आत ढकलला तर मुठीपर्यंत गेला. भिंतीकडची बाजू पोकळ. उरलेल्या तीन बाजूंना बुंधा ठोकल्यावर भरीव आवाज देत होता, साल हिरवी होती.

फूलगळीचं कारण यातच होतं. शेवग्याला बहर धरण्याआधी पाण्याचा ताण लागतो. पाऊस संपला, जमीन सुकत गेली, की झाड पानं थोडी गाळतं आणि फुलोऱ्याला लागतं. इथे ताण कधी पडतच नव्हता. वर ओल्या कचऱ्याचं खत म्हणजे नत्राचा मारा, त्यामुळे झाडाचा सगळा जोर पाल्यावर. फुलं येत होती ती सवयीने, धरून ठेवण्याइतकी ताकद त्यामागे नव्हती. आजींचं म्हणणं होतं, "आमच्या गावाक कोण पाणी घालता त्येका?" निदान तिथेच झालं होतं, मी फक्त खड्डा खणून खात्री केली.

तीन पर्याय

कमिटीपुढे मी तीन पर्याय ठेवले. झाड मुळासकट काढणं, सगळं झाड कमरेच्या-छातीच्या उंचीवर छाटणं, किंवा फक्त वरच्या काही फांद्या विरळ करणं.

तिसरा पर्याय सगळ्यांना आवडला, कारण त्यात भांडण नव्हतं. पण तोच सगळ्यात वाईट होता. शेवग्याच्या अर्धवट कापलेल्या फांदीवर वर्षभरात पाच-सहा लांब धुमारे फुटतात आणि ते जुन्या लाकडाला वरवरच चिकटलेले असतात. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर असे धुमारे वाढवणं म्हणजे पुढच्या वर्षीचा अपघात वाढवून ठेवणं. आंबा, फणसासारखा विचार इथे करायचा नाही. तमिळनाडूत पेरियाकुलमच्या 'पीकेएम-1' सारख्या जातींचे मळेवाले शेंगा संपल्या की दरवर्षी झाड जमिनीपासून तीनेक फुटांवर सरळ कापतात आणि नव्या फुटीवर पुढचं पीक घेतात. शेवगा हे दरवर्षी नव्याने वाढवायचं झाड आहे. शहरात आपण त्याला सावलीच्या झाडासारखं वाढू देतो आणि मग ते वडासारखं वागत नाही म्हणून चिडतो.

मुळासकट काढण्याच्या बाजूने पोकळ बुंधा होता, हे मी लपवलं नाही. पण तीन बाजू शाबूत होत्या आणि उंची गेली की वाऱ्याचा जोरही जाणार होता. चार फुटांच्या बुंध्याला वादळ काय करणार? शिवाय सोसायटीला शेंगा हव्या होत्या, हे सभेतल्या आरडाओरड्यात कुणी बोललं नव्हतं एवढंच. मी दुसरा पर्याय सुचवला, एक अट घालून: लॉनचं पाणी आणि खत आजपासून बंद.

पाणी बंद करायला सगळ्यात जास्त विरोध झाला. लॉनवर खर्च झालेला. शेवटी बुंध्यापासून आठ फुटांपर्यंतचं लॉन काढून तिथे मातीचा उतार द्यायचा, अशी तोड निघाली.

परवानगीबद्दल थोडक्यात. मुंबईत स्वतःच्या कंपाउंडमधलं झाड असलं तरी ते तोडणं किंवा असं खोलवर छाटणं पालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 इथे लागू होतो. अर्ज वॉर्डाच्या उद्यान विभागाकडे जातो. मुलुंडचा वॉर्ड 'टी'. सोबत झाडाचे चारही बाजूंनी फोटो, सभेचा ठराव आणि धोका नेमका कुठे आहे याचं साधं वर्णन जोडलं. पाहणी झाली, परवानगी आली. अर्ज फेब्रुवारीत गेल्यामुळे घाई झाली नाही. एप्रिलअखेर पावसाळापूर्व छाटणीच्या अर्जांचा ढीग लागतो, तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो.

छाटणी

मेच्या पहिल्या आठवड्यात छाटणी केली. वर चढायला नको म्हणून शिडी आणि दोर. शेवग्यावर माणूस चढवायचा नाही, कितीही हलका असला तरी. वरच्या फांद्या दोर बांधून एकेक करून खाली घेतल्या. जाड फांदी कापताना आधी खालच्या अंगाने तिसरा हिस्सा चिरायची, मग थोडं पुढे जाऊन वरून कापायची आणि उरलेला ठोंब शेवटी साफ करायचा. थेट वरून करवत चालवली तर अर्ध्यातच फांदी तुटते आणि साल बुंध्यापर्यंत सोलत नेते. तौक्तेत झालं होतं तेच.

बुंधा चार-सव्वाचार फुटांवर ठेवला. कापाला तिरका उतार दिला, पाणी भिंतीच्या उलट दिशेला वाहून जाईल असा. पोकळीतला भुसभुशीत भाग खरवडून काढला. पोकळी सिमेंटने भरू का, असं माळीकाकांनी विचारलं. जुनी पद्धत आहे, पण सिमेंट आणि लाकूड यांच्यामध्ये फट पडतेच आणि तिच्यात पाणी धरून राहतं. उघडी ठेवून खालच्या बाजूने पाणी निघेल एवढी वाट केली. कापलेल्या जागांवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली: शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं, लोखंडी नाही.

बुंध्याभोवतीचे पेव्हर तीन फुटांच्या वर्तुळात काढले. कुजकं खत उपसलं, मुरूम मिसळलेली माती भरून बुंध्याशी उंच आणि बाहेर उतरती अशी भर घातली. एका बाजूने नाल्याकडे चर. राख घालायची का, असं एका ताईंनी विचारलं, त्यांच्याकडे रायगडात घालतात. तिथल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ठीक आहे. इथे जमिनीत सिमेंट-चुन्याचं रॅबिट आधीच पोटभर आहे, राखेची गरज नव्हती.

छाटल्यावर झाड दिसायला भयाण दिसतं. एकही पान नाही, नुसता ठोंब. दोन दिवस आजी माझ्याशी बोलल्या नाहीत. पण त्याच महिन्यात, 13 मे 2024 ला दुपारी धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेली, ती हीच दुपार. मुलुंडमध्येही फांद्या पडल्या. या कोपऱ्यात पडायला काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला, फक्त एवढंच सांगायला.

तीनेक आठवड्यांत बुंध्यावर फूट दिसू लागली. एका जागी दहा-बारा कोंब. ते सगळे ठेवायचे नसतात. बोटभर झाले तेव्हा निम्मे चिमटले, हातभर झाले तेव्हा पुन्हा, आणि शेवटी वेगवेगळ्या दिशांना जाणारे पाच राखले. भिंतीच्या, म्हणजे पोकळीच्या बाजूला दोनच कोंब आले होते आणि तेही मरतुकडे. ते काढून टाकले. राखलेले पाच कोंब अडीच-तीन फूट झाले की शेंडा खुडायचा, बाजूने फुटलेल्या फांद्यांचाही पुन्हा खुडायचा. झाडाला ठेंगणं ठेवायची युक्ती या खुडण्यात आहे. ते केलं नाही तर छाटलेला शेवगा एका पावसाळ्यात पुन्हा पहिल्या मजल्यावर जातो. खुडलेला पाला वाया गेला नाही. श्रावणात चार घरांत भाजी झाली.

सुरवंट

हा भाग सविस्तर लिहितो, कारण मुंबईत शेवगा तोडला जातो तो बहुतेक वेळा यापायी. घराजवळ शेवगा लावू नये, ही समजूत ज्यांनी घातली असेल त्यांच्या डोळ्यांसमोर हेच असणार, हे माझं मत.

पहिल्या पावसानंतर पतंग बाहेर पडतात, पाल्यावर आणि कोवळ्या फांद्यांवर अंडी घालतात. अळ्या रात्री पाला आणि साल खातात आणि दिवसा बुंध्यावर एकमेकींना चिकटून झोपतात. लांबून बघितलं तर बुंध्याला करडी लोकर फुटल्यासारखी वाटते. त्यांचे केस टोचले, अगदी वाळलेल्या कातीचे उडून लागले, तरी खाज येते आणि पुरळ उठतं. सोसायटीने आधीच्या वर्षी केलेले उपाय म्हणजे एकदा जळता बोळा आणि एकदा कीटकनाशकाची फवारणी. बोळ्याने साल भाजली आणि केस हवेत उडून आणखी दोघांना त्रास झाला. फवारणीचं औषध कोणतं होतं, हे सांगू शकणारं कुणी सापडलं नाही. त्याच झाडाचा पाला पुढच्या आठवड्यात खुडला गेला असता तर काय, हा प्रश्न मी कमिटीला तसाच विचारला.

अळ्यांचं दिवसा एकत्र बसणं हीच त्यांची कमजोरी. पूर्वी त्या वीस फुटांवर बसायच्या, हात पोचत नव्हता. आता सगळा बुंधा छातीच्या उंचीचा. जूनच्या मध्यापासून सकाळी पाणी सोडायच्या वेळीच वॉचमनने बुंध्याला एक फेरी मारायची, पानांच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके दिसले तर पान खुडून साबणाच्या पाण्यात, अळ्या दिसल्या तर लांब दांड्याच्या खराट्याने बादलीत. बादलीत साबणाचं दाट पाणी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, चष्मा, आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहायचं. जुलैत एकदा बारीक अळ्या जास्त दिसल्या तेव्हा संध्याकाळी बीटीची (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची) फवारणी केली. हा जिवाणू अळीच्या पोटात जाऊन काम करतो, म्हणून अळ्या लहान असतानाच उपयोगी. जून झालेल्या अळ्यांवर मारून पैसे घालवू नयेत.

केस लागलेच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी हलकेच लावून उचलायची, केस निघतात, मग साबणाने धुवायचं. डोळ्यात गेले तर घरगुती काही न करता डॉक्टरकडे. ही सूचना नोटीस बोर्डावर लावायला सांगितली आणि मुलांनी तिच्याखाली सुरवंटाचं चित्र काढलं.

त्या पावसाळ्यात सुरवंट आलेच नाहीत असं नाही. आले, पण बादलीत मावतील इतके. मागच्या गल्लीतल्या भारद्वाजाची एक जोडी या कोपऱ्यात फेऱ्या मारायची. भारद्वाज आणि पावशासारखे पक्षी केसाळ अळ्या खातात. औषध मारलेल्या झाडावर त्यांनीही येऊ नये, हे फवारणी टाळायला आणखी एक कारण.

शेंगा

पाऊस ओसरल्यावर खतापाण्याचा मोह आवरणं हे खरं काम होतं. जूनमध्ये एकदाच पाच किलो कुजलेलं शेणखत आणि मूठ-मूठ सुपर फॉस्फेट व पोटॅश दिलं होतं. ऑक्टोबरनंतर काही नाही, पाणीसुद्धा नाही. डिसेंबरात पानं पिवळी पडून गळू लागली तशी माळीकाकांनी नळी लावायची तयारी केली. आजींनीच त्यांना हटकलं.

जानेवारी 2025 मध्ये फुलोरा आला. यंदाही खाली सडा पडला, आणि तो पडतोच; शेवग्याच्या घोसातल्या बहुतेक फुलांची शेंग होत नाही. बघायचं असतं ते घोसात दोन-तीन हिरवे दोरे लटकायला लागले का ते. लागले होते. त्या वेळी दर आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी सुरू केलं, कारण शेंग पोसायला ओल लागते. मार्चमध्ये शेंगा काढणीला आल्या. जमिनीवर उभं राहून, आकडी न लावता. बाजारात मिळते तशी लांबसडक शेंग नाही. हातभराची, जाड, गर भरपूर. फांदीपासून लावलेलं झाड आईवरच जातं, त्यामुळे आजींच्या माहेरच्या झाडाचीच ही शेंग. सगळ्या घरांना दोनदा वाटता आल्या.

वाटण्यावरून भांडण झालं, ते व्हायचंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, आमच्या गॅलरीतल्या शेंगा गेल्या. शेवटी काढणी रविवारीच, आणि आजींसमोर, असं ठरलं.

दुसरं वर्ष

दुसऱ्या वर्षी कमिटीने एक गोष्ट ऐकली नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात छाटायचं ठरलेलं होतं, परवानगीही होती. पण झाडावर अजून दोन-तीन किलो शेंगा होत्या आणि "तेवढ्या होऊन जाऊ देत" असं म्हणत तारीख महिनाअखेरपर्यंत पुढे गेली. मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, असा हिशेब. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे ला मुंबईत दाखल झाला, नोंदीतला सगळ्यात लवकरचा. छाटणी त्याच्या तीन दिवस आधी झालेली, बोर्डो पेस्ट सुकायच्या आत धुऊन गेली. पाचपैकी दोन फांद्यांच्या कापांतून पाणी शिरलं, त्या काळ्या पडत खालपर्यंत वाळल्या. पावसाने उघडीप दिली तेव्हा त्या हिरव्या सालीपर्यंत मागे कापून पुन्हा पेस्ट लावली. तीन फांद्यांवर झाड चाललं आहे, ठीक चाललं आहे, पण बुंध्याची पोकळी आता रस्त्याच्या बाजूलाही सरकते आहे.

म्हणून दुसरं झाड आत्ताच तयार करायला सांगितलं. जागा मागच्या बाजूला, जिथे जमीन दीड-दोन फूट उंच आहे आणि खाली रॅबिटऐवजी मुरूम लागतो. भिंतीपासून दहा फूट, ड्रेनेजच्या लाइनपासून त्याहून लांब. फांदी लावायची की बी, यावर चेअरमन आणि आजी यांचं एकमत नव्हतं. चेअरमनना पीकेएम-1 किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण रुचिरा' हवी, कारण ती लवकर धरते असं त्यांनी ऐकलं होतं. ते खरं आहे; पीकेएम-1 बियांपासून आठ महिन्यांच्या आत शेंगेवर येऊ शकते. आजींना त्यांचीच शेंग हवी.

मी बी म्हटलं, आणि कारण सोटमूळ. ताज्या बिया रात्रभर भिजवून, जागेवरच, दोन सेंटीमीटर खोल, तीन बिया एका खड्ड्यात. पिशवीत वाढवून मग लावलं की सोटमूळ तळाशी गुंडाळतं आणि सगळा फायदा जातो. आठ-दहा दिवसांत उगवतात, त्यातलं जोमदार रोप ठेवायचं आणि ते अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडायचा. आजींसाठी जुन्या झाडाच्या निरोगी फांदीचे दोन तुकडे बाजूच्या उंच पट्टीत लावले आहेत. त्या तुकड्यांची झाडं कधीच चार फुटांच्या वर जाऊ द्यायची नाहीत, हे त्यांना मान्य आहे. वॉचमनच्या हाती कोयता द्यायचा नाही, ही त्यांची अट आम्हाला मान्य आहे. पुढच्या छाटणीचा अर्ज फेब्रुवारीत जाईल, तारीख मेचा पहिला रविवार, झाडावर शेंगा असोत की नसोत. हे या वेळी ठरावात लिहून घेतलं.